आतड्याची भिंत आणि शिरेतून मिळणारा आहार



घरातले कोणी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बेत होलिममध्ये दाखल झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, यांना खायला कधी देणार?" आपल्याकडे आजाऱ्याची काळजी म्हणजे आधी त्याच्या पोटाची काळजी. तांदळाची पेज, मऊ खिचडी, कोंबडीचे सूप यांचा डबा बांधून आपण निघतो. पण काही आजारांत तोंडाने घास देता येत नाही आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीनेही देता येत नाही. मग खाटेशेजारी दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची एक मोठी पिशवी टांगली जाते आणि आजाऱ्याचे सारे जेवण थेंबाथेंबाने शिरेतून जाते.

अशा वेळी मनात दोन शंका येतात. इतके दिवस रिकामे राहिलेले आतडे खराब होत नसेल का? आणि शेजारीपाजारी सांगतात ती ग्लुटामिन नावाची पावडर किंवा इंजेक्शन दिले तर आतडे सुधारेल का? पहिल्या शंकेत तथ्य आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पार बदलले आहे. आपण वडीलधारी मंडळी या वयात कधी स्वतःसाठी, कधी जोडीदारासाठी असे निर्णय ऐकतो, त्यांना संमती देतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

सलाइन म्हणजे जेवण नव्हे

पुष्कळांचा समज असतो की सलाइन चालू आहे म्हणजे आजाऱ्याला ताकद मिळते आहे. साध्या सलाइनमध्ये पाणी आणि मीठ असते. "ग्लुकोजची बाटली" म्हणतात त्या 5 टक्क्यांच्या एक लिटर द्रवात 50 ग्रॅम साखर असते आणि तिच्यातून जेमतेम 170 ते 200 कॅलरी मिळतात. साठ किलो वजनाच्या, अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला दिवसाला साधारण 1500 कॅलरी लागतात. म्हणजे अशा बाटल्यांवर आठवडा काढणे हा जवळजवळ उपासच झाला.

शिरेतून दिला जाणारा संपूर्ण आहार ही निराळी गोष्ट आहे. दवाखान्यात त्याला टीपीएन म्हणतात. त्या पिशवीत साखर असते, चरबी असते, क्षार, जीवनसत्त्वे आणि जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये असतात. प्रथिनांच्या जागी अमिनो आम्ले असतात. आपण खाल्लेल्या माशाचे किंवा डाळीचे प्रथिन पोटात पचते तेव्हा त्याचे सुटे मणी होतात. हे मणी म्हणजेच अमिनो आम्ले. शिरेत पचनाची सोय नसल्यामुळे तिथे मणी आधीच सुटे करून द्यावे लागतात. पिशवीचा पांढरा रंग चरबीमुळे येतो. ही चरबी बहुधा सोयाबीनच्या तेलाची असते, काही प्रकारांत माशाचे तेलही असते, आणि ती पाण्यात मिसळावी म्हणून अंड्यातील बलकाचा एक घटक वापरतात. तेव्हा सोया, अंडे किंवा मासे यांची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगितली पाहिजे.

हा द्रव घट्ट असल्यामुळे हातावरची बारीक शीर तो फार दिवस सोसत नाही. म्हणून मानेजवळच्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत बारीक नळी बसवतात. आतड्यात अडथळा असेल, आतडे फुटून गळत असेल, त्याचा मोठा भाग काढून टाकावा लागला असेल, आतड्याला रक्त पोचत नसेल किंवा शस्त्रक्रियेनंतर ते फार दिवस हालचालच करत नसेल, तेव्हा हा मार्ग घ्यावा लागतो.

ही पद्धत फार जुनी नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून आहार देऊन वाढवली आणि ती नीट वाढतात हे दाखवले. पाठोपाठ, जिचे आतडे जन्मतःच अपुरे होते अशा एका नवजात मुलीला त्यांनी याच रीतीने आहार दिला. 1968 साली हे काम प्रसिद्ध झाले. तोपर्यंत आतडे कायमचे बंद पडलेल्या माणसापुढे उपासमारीने मरण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणून शिरेतून आहार म्हटले की लगेच घाबरू नये. या पिशवीने असंख्य लोकांना जगवले आहे.

आतडे फक्त पचवत नाही, राखणही करते

आता आतड्याच्या भिंतीकडे वळू. आपल्या पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो सुमारे 30 चौरस मीटर भरतो, म्हणजे एका लहान घराच्या फरशीएवढा. तो एवढा मोठा असतो कारण लहान आतड्याच्या आतून मखमलीसारख्या बारीक लवा उभ्या असतात. अन्नरस शोषण्याचे काम या लवा करतात.

या एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पेशींचा थर मात्र एकच असतो. त्याच्या एका बाजूला अन्न, पित्त आणि कोट्यवधी जंतू, तर दुसऱ्या बाजूला आपले रक्त. मध्ये हा एक पदर. तो राखण कशी करतो? पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, त्यामुळे फटीतून काही सहज आत शिरत नाही. वर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात जंतू अडकतात. त्या थरात शरीराने सोडलेली रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, ती जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. शिवाय या पेशी फार दिवस जगत नाहीत. दर तीन ते पाच दिवसांत जुना थर गळून नवा येतो. घराचा गिलावा दर आठवड्याला नव्याने करायचा म्हटले तर जेवढे सामान लागेल, तेवढे या भिंतीला सतत लागते.

हे सामान येते कुठून? काही रक्तातून येते, पण बराचसा भाग आतड्याच्या पोकळीत आलेल्या अन्नातून थेट मिळतो. अन्न आले की रक्तपुरवठा वाढतो, हार्मोन सुटतात, पित्ताशय आकुंचन पावते, आतडे हलते. आपल्या कोकणातल्या पूर्वजांचा तेलाचा घाणा आठवा. फिरता असला तर लाकूड तेल पिऊन चांगले राही, पण बरेच दिवस बंद ठेवला तर ते सुकून त्याला भेगा पडत. आतड्याचेही काहीसे असेच आहे.

रिकाम्या आतड्यात काय होते?

केवळ शिरेतून आहार चालू असताना आतडे उपाशी असते, जरी बाकीचे शरीर जेवत असले तरी. लवा आखूड होतात. प्रतिकारक द्रव्ये कमी सुटतात. पित्ताशय न आकुंचल्यामुळे त्यात गाळ साचतो, काहींना खडे होतात. पेशींमधली शिवण सैल होते आणि भिंत थोडी झिरपू लागते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची आहे. हे सारे प्रथम उंदरांवर पाहिले गेले आणि उंदरांमध्ये ते फार झपाट्याने होते. माणसात हा बदल होतो, पण बराच सौम्य असतो. अतिदक्षता विभागातल्या आजाऱ्याची भिंत बिघडण्यास इतरही कारणे असतात: रक्तदाब कोसळल्यामुळे आतड्याला रक्त कमी पडणे, अंगभर पसरलेला संसर्ग, अँटिबायोटिकांमुळे चांगले जंतू मरणे. तेव्हा "शिरेतून आहार दिला म्हणून आतडे सडले" असे म्हणणे बरोबर नाही.

ग्लुटामिनची गोष्ट

आपल्या प्रथिनांत वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात. त्यांतली नऊ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. ग्लुटामिन या नऊंपैकी नाही. आपले स्नायू ते रोज बनवतात आणि रक्तात मोकळे फिरणाऱ्या अमिनो आम्लांत त्याचेच प्रमाण सर्वांत जास्त असते. म्हणून पूर्वी त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

1974 साली विंडम्युलर आणि स्पेथ या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की उंदराचे लहान आतडे रक्तातले ग्लुटामिन मोठ्या प्रमाणावर उचलते आणि इंधन म्हणून जाळते. म्हणजे चुलीला जशी लाकडे, तसे आतड्याच्या पेशींना ग्लुटामिन. पुढे असेही दिसले की मोठी शस्त्रक्रिया, भाजणे किंवा गंभीर संसर्ग झाला की रक्तातले ग्लुटामिन घटते.

मग लक्षात आले की शिरेतून द्यायच्या नेहमीच्या द्रवात ग्लुटामिन नसतेच. त्याचे कारण साधे आहे. पाण्यात विरघळवून ठेवले आणि निर्जंतुक करण्यासाठी तापवले की ते टिकत नाही, त्यातून अमोनिया सुटतो. म्हणून औषध कंपन्या ते वगळत. नंतर एक युक्ती सापडली. ग्लुटामिनला ॲलॅनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लाशी जोडले की ती जोडी द्रवात टिकते, आणि शरीरात शिरताच सुटी होते.

इथपर्यंत सारे कसे नीट जुळते! आतड्याचे आवडते इंधन, ते नेमके पिशवीत नाही, आणि आता ते घालण्याची सोय झाली. त्यामुळे डॉक्टरांच्या आशा वाढल्या, आणि सुरुवातीचे निकालही तसेच आले.

1992 साली बोस्टन येथे अस्थिमज्जा बदललेल्या 45 आजाऱ्यांवर प्रयोग झाला. ज्यांच्या शिरेतील आहारात ग्लुटामिन होते त्यांना संसर्ग कमी झाले आणि ते सरासरी 29 दिवसांत घरी गेले. इतरांना 36 दिवस लागले. 1993 साली नेदरलँड्समध्ये 20 आजाऱ्यांच्या आतड्याचा बारीक तुकडा शिरेतील आहाराआधी आणि दोन आठवड्यांनंतर तपासला. नेहमीचा द्रव मिळालेल्यांच्या लवा आखूड झाल्या होत्या आणि भिंत जास्त झिरपत होती. ग्लुटामिन मिळालेल्यांची भिंत होती तशीच राहिली. 1997 साली लिव्हरपूल येथील अतिदक्षता विभागातल्या 84 आजाऱ्यांपैकी ग्लुटामिन मिळालेल्या 42 जणांतले 24 जण सहा महिन्यांनी जिवंत होते, तर न मिळालेल्या 42 जणांतले 14.

असे आकडे पाहून कोणाला वाटणार नाही की हे सर्वांना द्यावे? 2009 साली युरोपातील आहारोपचार तज्ज्ञांच्या एस्पेन या संस्थेने सल्ला दिला की अतिदक्षता विभागात शिरेतून आहार द्यायचा असेल तर त्यात ग्लुटामिन असावे. हा सल्ला लिहिणाऱ्या गटाचे प्रमुख होते आपल्या इस्राएलमधील पेताह तिकवाच्या बेलिन्सन रुग्णालयाचे प्रोफेसर पिएर सिंगर.

मोठ्या प्रयोगाने चित्र पालटले

वीस, पंचेचाळीस किंवा चौऱ्याऐंशी माणसांवरचा प्रयोग दिशा दाखवतो, पण त्यात योगायोगाला जागा राहते. म्हणून कॅनडा, अमेरिका आणि युरोपातील 40 अतिदक्षता विभागांनी मिळून 1223 आजाऱ्यांवर मोठा प्रयोग केला. ही माणसे श्वासयंत्रावर होती आणि त्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी होत होते. काहींना दाखल होताच शिरेतून आणि नळीतून, दोन्हीकडून भरपूर ग्लुटामिन दिले. निकाल 2013 साली आला. 28 दिवसांत ग्लुटामिन मिळालेल्यांपैकी दर शंभरात सुमारे 32 जण दगावले, न मिळालेल्यांपैकी सुमारे 27. सहा महिन्यांनी पाहिले तर हा फरक आणखी ठळक होता, दर शंभरात सुमारे 44 आणि 37.

म्हणजे ज्यातून जीव वाचेल असे वाटत होते, त्याने या आजाऱ्यांना उलट अपायच केला.

2014 साली युरोपातील 301 आजाऱ्यांवर नळीतून ग्लुटामिन आणि इतर पोषक द्रव्ये वाढवून दिली गेली. संसर्ग कमी झाले नाहीत, आणि शस्त्रक्रिया किंवा अपघाताशी संबंध नसलेल्या आजाऱ्यांत सहा महिन्यांतील मृत्यू जास्त दिसले. शेवटी आशा उरली होती ती भाजलेल्या लोकांबद्दल. त्यांच्यासाठी 14 देशांतील सुमारे 1200 आजाऱ्यांवर प्रयोग झाला. 2022 साली निकाल आला: ग्लुटामिन दिल्याने ते लवकर घरी गेले नाहीत.

2019 साली एस्पेनने नवा सल्ला प्रसिद्ध केला. भाजलेले आणि अपघातात गंभीर जखमी झालेले सोडता अतिदक्षता विभागातील इतर आजाऱ्यांना नळीतून जादा ग्लुटामिन देऊ नये, आणि अस्थिर आजाऱ्यांना, विशेषतः यकृत किंवा मूत्रपिंड निकामी असताना, ते शिरेतून मुळीच देऊ नये. या सल्ल्याच्याही लेखकांत पहिले नाव प्रोफेसर सिंगर यांचेच आहे. दहा वर्षांपूर्वी सांगितले ते नवे पुरावे पाहून बदलणे हा डॉक्टरीचा कमीपणा नाही, तो तिचा प्रामाणिकपणा आहे. "डॉक्टर लोक आज एक सांगतात, उद्या दुसरेच" अशी आपण तक्रार करतो, तेव्हा हेही आठवावे.

असे का झाले असावे?

पहिले कारण म्हणजे मात्रा. या प्रयोगात ग्लुटामिनची मात्रा फार मोठी होती. दुसरे म्हणजे, अनेकांना त्याची कमतरता नव्हतीच. ज्या थोड्यांची रक्तातली पातळी तपासली होती, त्यांतल्या बहुतेकांत ती कमी नव्हती. तहान नसलेल्याला घागरभर पाणी पाजण्यासारखे झाले. तिसरे कारण, ग्लुटामिन शरीरात मोडले की त्यातून अमोनिया निघतो. यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. ज्यांचे हे दोन्ही अवयव आधीच थकले आहेत त्यांच्यावर हा जादा भार पडतो. त्या प्रयोगातही ग्लुटामिन मिळालेल्यांत युरिया जास्त वाढलेला आढळला.

यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचा धडा एवढाच: लवा उंच राहिल्या किंवा भिंत कमी झिरपली म्हणून माणूस वाचतोच असे नाही. औषधाच्या जाहिरातीत "आतड्याची भिंत मजबूत करते" असे लिहिलेले असेल तर विचारावे, "त्याने माणूस बरा होतो का?"

याचा अर्थ ग्लुटामिन विष आहे असाही नाही. प्रकृती स्थिर असलेल्या, मूत्रपिंड आणि यकृत चांगले असलेल्या काही शस्त्रक्रियेच्या आजाऱ्यांना डॉक्टर आजही शिरेतील आहारात ते मर्यादित मात्रेत देतात. पण तो निर्णय तपासण्या पाहून त्यांनी घ्यायचा असतो. आपण आग्रह धरायचा नसतो.

मग आतड्याला काय द्यायचे?

उत्तर साधे आहे. डॉक्टर परवानगी देतील त्या क्षणापासून आतड्यातून थोडे का होईना, पण अन्न. नाकातून पोटात किंवा लहान आतड्यात जाणाऱ्या बारीक नळीला इथे झोंदा म्हणतात. तिच्यातून तासाला 10 ते 20 मिलिलिटर, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे, एवढाच पातळ आहार सुरू करतात. तेवढ्याने पोट भरत नाही, भरायचे नसतेच. पण आतड्याला कळते की काम सुरू झाले. मुख्य जेवण तोपर्यंत शिरेतून चालू राहते आणि नळीतले प्रमाण वाढेल तसे शिरेतले कमी करतात. झोंदा घातला म्हणजे आता सारे संपले असे पुष्कळ नातेवाइकांना वाटते. बहुतेक वेळा ते आतडे पुन्हा कामाला लागल्याचे पहिले पाऊल असते.

पण इथेही घाई नको. आतड्यात अडथळा असताना किंवा रक्तदाब टिकवण्यासाठी जोरदार औषधे चालू असताना नळीतून अन्न ढकलणे धोक्याचे ठरू शकते. फ्रान्समध्ये श्वासयंत्रावर असलेल्या आणि रक्तदाब कोसळलेल्या 2410 आजाऱ्यांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल 2018 साली आला. सुरुवातीपासून नळीने आहार दिलेले आणि शिरेतून दिलेले यांच्या मृत्यूंच्या संख्येत फरक नव्हता. नळीवाल्यांना मात्र उलट्या, जुलाब आणि आतड्याचा रक्तपुरवठा बिघडण्याचे प्रकार जास्त झाले. तेव्हा डॉक्टर "आज नको, उद्या पाहू" म्हणतात तेव्हा ते आजाऱ्याला उपाशी ठेवत नसतात. ते वेळ पाहत असतात.

दवाखान्यात काय विचारावे?

अतिदक्षता विभागात, म्हणजे तिपुल निम्रात्समध्ये, डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. आहारतज्ज्ञ, म्हणजे दिएतानित, जवळजवळ प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असते. तिला भेटण्याची विनंती करा आणि हे विचारा:

1. शिरेतून आहार का द्यावा लागतो आहे, आणि अंदाजे किती दिवस?

2. आतड्यातून थोडे अन्न कधी सुरू करता येईल? रोज त्याचा विचार होतो का?

3. रक्तातील साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या कशा आहेत? मधुमेह्यांसाठी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण या आहाराने साखर चढते.

4. शिरेतल्या नळीची निगा कशी राखली जाते? या आहाराचा सर्वांत नेहमीचा धोका आतड्याचा नसून त्या नळीतून होणाऱ्या संसर्गाचा आहे. नळीला हात लावू नका. थंडी वाजून ताप आला तर नर्सला लगेच सांगा.

5. ग्लुटामिन दिले जात आहे का? असल्यास कशासाठी?

तुमच्याकडूनही काही माहिती त्यांना हवी असते: आजाराआधीच्या महिन्यांत वजन किती घटले, किती दिवस नीट जेवण नव्हते, कोणती औषधे चालू होती, कसली ॲलर्जी आहे. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर आहार दिला तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा आजाऱ्याला आहार हळूहळू वाढवतात. "एवढेसेच का देता?" म्हणून रागावू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. मायेपोटी लपवून चमचाभर पेज किंवा चहा पाजू नका. आतड्याला शिवण असेल तर ती उसवू शकते. गिळण्याची शक्ती नसेल तर तो घोट फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काहीतरी करावेसे वाटते ना? नर्सला विचारून ओल्या कापसाने ओठ आणि तोंड स्वच्छ करा. तोंडाने जेवण नसले तरी तोंडाची स्वच्छता लागतेच. खाटेवर बसवायला, हातपाय हलवायला मदत करा. स्नायू टिकले तर ग्लुटामिनचा घरचा कारखानाही टिकतो.

घरी आल्यावर

दुकानात आणि जाहिरातींत ग्लुटामिनचे डबे दिसतात. व्यायाम करणारी नातवंडे ते घेतात आणि आजी-आजोबांनाही सुचवतात. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी ते स्वतःहून घेऊ नये. बाकीच्यांनीही कुपत होलिमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि रुग्णालयात असलेल्याला तर मुळीच नेऊन देऊ नये.

ग्लुटामिन आपल्या रोजच्या ताटात आहेच. मासे, अंडी, कोंबडी, दूध, दही, डाळी, सगळ्या प्रथिनांत ते असते. आजारातून उठलेल्या वृद्धाची खरी कमतरता बहुधा एकट्या ग्लुटामिनची नसते, एकूण प्रथिनांची असते. नुसत्या तांदळाच्या पेजेत ती फार थोडी असतात. म्हणून डॉक्टरांनी मऊ आहाराला परवानगी दिली की पेजेत मुगाची डाळ शिजवून घाला, नाहीतर पेजेबरोबर मऊ अंडे किंवा काटे नीट काढलेला वाफवलेला मासा द्या. दुधाच्या जेवणात दही द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे बरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती हे दिएतानितने ठरवून द्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, शिरेतील आहार हा आतडे बंद असतानाचा पूल आहे, आणि पूल ओलांडण्यासाठी असतो, त्यावर घर बांधण्यासाठी नव्हे. त्या पुलावर असताना एखाद्या चमत्कारी पावडरीचा शोध घेण्यापेक्षा रोज सकाळी एकच प्रश्न विचारा: "आज आतड्यातून थोडे देता येईल का?" आतड्याच्या भिंतीसाठी आपण घरचे लोक करू शकतो त्यातले हे सर्वांत मोठे काम.

आपल्या घरी कोणी आजारी असतील तर त्यांना रेफुआ श्लेमा.